स्तंभाच्या पायथ्याशी हिरवळ नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय : माळावरच्या दगडी स्तंभांचे आणि दीपमाळांचे सुशोभीकरण

आपल्या जिल्ह्यात जुने उंच दगडी काम पाहायचे तर बहुतेक वेळा माळ चढावा लागतो. करमाळ्याला देवीच्या माळावर कमलाभवानीच्या देवळापुढे दीपमाळा उभ्या आहेत. गावोगावी टेकडीवरच्या देवळांपुढे लहानमोठ्या दीपमाळा आहेत. तालुक्याच्या गावी स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी बसवलेले स्मृतिस्तंभ आहेत. अशा जागेसाठी निधी आला की कामाचे नाव ठरलेले असते : सुशोभीकरण. अंदाजपत्रकातल्या बाबीही ठरलेल्या असतात. हिरवळ, तुषार संच, पेव्हिंग ब्लॉक, रेलिंग, रंगीत दिवे आणि शेवटी स्तंभाला रंग. दगडाच्या तब्येतीची एक ओळही त्यात नसते. दगड, चुना आणि पाया यांच्या कामातल्या आम्हा काही जणांची मागणी एवढीच आहे की हा क्रम उलटा करावा. आधी पाणी, मग दर्जा (म्हणजे दगडांमधल्या सांध्यांची चुनाभरणी), मग वीज. बाग सर्वांत शेवटी, आणि तीही स्तंभापासून लांब.

स्तंभ दिसायला साधा असतो, पण तो भिंतीसारखा नसतो. भिंतीला आडव्या भिंती धरून ठेवतात आणि वरून छपर झाकते. स्तंभ चारही अंगांनी उन्हापावसात उघडा असतो आणि त्याचे सगळे वजन थोड्या जागेवर उतरते. वॉशिंग्टनचा स्मारकस्तंभ ५५५ फूट उंच आणि तळाशी ५५ फूट रुंद आहे, म्हणजे रुंदीच्या दहापट उंची. या प्रमाणाच्या कामात पायाची एक बाजू बोटभर खचली तर शेंडा दहा बोटे झुकतो. तिथे आधी ठरवलेली जागा भुसभुशीत निघाली, म्हणून स्तंभ शंभरेक मीटर बाजूच्या उंचवट्यावर घेतला. १८५४ मध्ये अर्धवट थांबलेले काम पुढे हाती घेतले तेव्हाही वर नवा थर चढवण्याआधी जुन्या पायाखाली काँक्रीट भरून तो रुंद आणि खोल केला. आज त्या स्तंभाभोवती मोठी हिरवळ दिसते, पण पायाचे काम त्याच्या कितीतरी आधी झालेले आहे, हे फोटो पाहून नक्कल करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

आपल्याकडे माळाची जागा पायाला मुळात चांगली असते. दोन-चार फुटांवर मुरूम लागतो, त्याखाली खडक. बिघाड बागेमुळे होतो. माळावर हिरवळ उगवत नाही म्हणून खालच्या शेतातली काळी माती ट्रॉलीने आणतात आणि पायथ्याभोवती दीड-दोन फूट पसरतात. जोत्याचे एक-दोन थर मातीत गाडले जातात. जे दगड वाऱ्यावर वाळत होते, ते आता बारमाही ओल्या मातीला टेकलेले असतात. त्या मातीला कडेने काँक्रीटचा कठडा घालतात, त्यामुळे तिथे परातीसारखा आकार तयार होतो आणि पावसाचे पाणी आत कोंडते. खाली मुरूम घट्ट असला तर ते लवकर झिरपत नाही, पायाच्या सांध्यांतून वाट काढते. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते, आणि उन्हाळ्यात तिला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. स्तंभाचा पाया मुरमापर्यंत नीट उतरलेला नसेल, आणि एका अंगाला रोज पाणी पिणारी हिरवळ व दुसऱ्या अंगाला कोरडी फरशी असेल, तर दोन अंगांखालची जमीन वेगवेगळी हलते. स्तंभ कलतो तो असा. दोष मात्र जुन्या बांधणाऱ्यांच्या पदरात पडतो.

दुसरे नुकसान खाराचे. सोलापूर भागात बागेला बहुधा बोअरचे पाणी दिले जाते आणि ते जड असते. तुषार संचाचा फवारा स्तंभावर उडतो, पाणी उडून जाते, खार उरतो. पायथ्याच्या ओलीतूनही खार वर चढतो. दगड जिथे वाळतो तिथे, म्हणजे साधारण गुडघ्यापासून कमरेपर्यंत, पांढरा लोणा दिसू लागतो. वरचा लोणा झाडून निघतो. पृष्ठभागाच्या किंचित आत खाराचे स्फटिक धरतात ते खरे घातक. ते वाढताना दगडाच्या कणांना रेटतात आणि पापुद्रे सुटतात. आपला काळा पाषाण घट्ट असेल तर तो बराच काळ दाद देत नाही. पण बारीक छिद्रांचा किंवा पांढऱ्या गाठी असलेला दगड असेल, तर कपच्या निघायला वेळ लागत नाही. खालचे थर असे झिजले की वरचा भार उरलेल्या भागावर एकवटतो आणि उभ्या चिरा पडतात.

या खाराची करामत पाहायची असेल तर न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला इजिप्शियन स्तंभ पाहावा. बागेतल्या एका खडकाळ टेकाडावर २२ जानेवारी १८८१ रोजी तो समारंभाने उभा झाला. आस्वानचा तांबडा ग्रॅनाइट, उंची ६९ फूट, वजन सुमारे २०० टन. तिसऱ्या थुतमोस राजाने तो सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी हेलिओपोलिसला उभारला होता. पुढे तो पडला, बराच काळ जमिनीवर आडवा राहिला आणि मातीतला खार त्यात मुरला. रोमन लोकांनी तो अलेक्झांड्रियाला नेला तेव्हा त्याच्या तळाचे कोपरे तुटलेले होते. म्हणून चारही कोपऱ्यांखाली काशाचे खेकडे ओतून बसवले. इजिप्तच्या कोरड्या हवेत आतला खार निपचित होता. न्यूयॉर्कच्या दमट हवेत आणि हिवाळ्याच्या गोठणीत तो जागा झाला. चार वर्षांत कपच्या सुटू लागल्या. १८८५ मध्ये दगड तापवून त्यावर पातळ केलेले मेण चढवले. त्या कामात सुटलेल्या शेकडो पौंड कपच्या उतरवल्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर कोरीव चित्राक्षरांचा पृष्ठभागही गेला. साडेतीन हजार वर्षे टिकलेला दगड, आणि जागा बदलल्यावर चार वर्षांत ही अवस्था. २०१४ मध्ये त्याची काजळी काढली ती लेसरने, दगडाला हत्यार न लावता.

दगड तोच राहिला तरी भोवतालची ओल बदलली की त्याचे आयुष्य बदलते. माळावरच्या कोरड्या दीपमाळेला रोजचे पाणी सुरू करणे म्हणजे तिला दुसऱ्या मुलखात नेऊन उभी करण्यासारखेच आहे.

म्हणून पहिले काम पाण्याचे. जोत्याभोवती टाकलेली माती मूळ पातळीपर्यंत काढावी. कुदळ-टिकाव न लावता खुरप्याने आणि हाताने, आणि एका वेळी एकाच बाजूची. पायाच्या खाली खणू नये. मूळ पातळी कुठे होती ते दगडावरच कळते. जोत्याचा घडीव भाग जिथे संपतो आणि ओबडधोबड पायाचा दगड जिथे सुरू होतो, ती पातळी. मग स्तंभापासून बाहेर किमान दोन मीटरचा पट्टा कोरडा ठेवावा. त्यात हिरवळ, कुंडी, कारंजे काही नको. मुरूम दाबून त्याला बाहेरच्या बाजूस मीटरला अडीच सेंटिमीटर उतार द्यावा आणि वर बारीक खडी पसरावी. फरशीच हवी असेल तर आपली शहाबादी चालते, पण ती मुरूम-वाळूवर सुटी बसवावी आणि सांध्यांत वाळू भरावी. सिमेंटवर बसवलेल्या फरशीखालची ओल कुठेही जाऊ शकत नाही, मग ती शेजारच्या दगडातून वर चढते. पेव्हिंग ब्लॉकची खाली काँक्रीट घालून केलेली फरसबंदीही याच कारणाने वाईट. स्तंभापासून तीन मीटरवर दीड फूट खोल चर खणून खडीने भरावा आणि त्याचे तोंड माळाच्या उतारावर काढावे. हे तोंड दरवर्षी मृगाआधी साफ झाले नाही तर तोच चर पाणी धरून ठेवतो.

लोणा आधीच लागला असेल तर तो पाण्याने धुऊ नये. विरघळून परत आत जातो. कोरड्या मऊ ब्रशने झाडावा आणि झाडलेली पूड गोळा करून न्यावी, पायथ्याशी सोडू नये. आतला खार काढायला कागदाच्या लगद्याचा लेप देतात. न छापलेला पांढरा कागद शुद्ध पाण्यात भिजवून कुटावा आणि दोनेक सेंटिमीटर जाडीने दगडावर थापावा. तो पूर्ण वाळून आपोआप सुटू लागला की काढावा. वाळताना पाणी दगडातून लगद्याकडे येते आणि खार बरोबर आणते. तीन-चार लेप लागतात. काढलेला लगदा मोजक्या शुद्ध पाण्यात कालवून पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या साध्या टीडीएस मीटरने मोजला तर प्रत्येक लेपाला आकडा उतरतो की नाही ते कळते. उतरायचा थांबला की लेप बंद. मात्र पायथ्याची ओल तोडण्याआधी लेप दिला तर सगळी मेहनत फुकट, कारण खालून नवा खार येतच राहतो.

आता दर्जा. सर्वांत जास्त नासाडी इथे होते, आणि तीही चांगल्या हेतूने. जुना चुना भुरभुरीत झाला की सिमेंटने दर्जा भरतात, वरून जाड गोल उठाव काढतात. काम दिसायला ठसठशीत होते. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२-४३ च्या पुढे जातो, तेव्हा उन्हातल्या काळ्या दगडावर हात ठरत नाही. दगड प्रसरण पावतो, संध्याकाळी आकसतो. चुना मऊ असतो, ही हालचाल तो पोटात घेतो. सिमेंट कडक, ते दबत नाही, म्हणून दगडाची कोर उडते. शिवाय भिंतीत शिरलेले पाणी चुन्याच्या सांध्यांतून बाहेर पडते. सिमेंटने ती वाट बंद केली की पाणी दगडातून बाहेर पडू लागते आणि आधी सांगितलेला खाराचा उद्योग सुरू होतो. सिमेंटमध्ये स्वतःचेही क्षार असतात, ते वेगळेच.

सिमेंट काढायचे तर ग्राइंडर वापरू नये. पाते सांध्यात सरळ राहत नाही आणि दगडाची धार कापली जाते, ती परत येत नाही. बारीक छिन्नी आणि लहान हातोडा हेच हत्यार. सिमेंट दगडाला इतके घट्ट धरलेले असेल की काढताना कोर निघते, तर तेवढा भाग तसाच सोडावा. सांधा रुंदीच्या दुप्पट, आणि कमीत कमी एक इंच खोल उकरावा. धूळ फुंकून किंवा ब्रशने काढावी, मग पाणी शिंपडून सांधा ओला करावा. पाणी साचलेले नसावे, फक्त ओल असावी. मसाला मोजून घ्यावा : एक भाग मुरवलेला चुना, एक भाग सुरखी (भाजक्या विटांची पूड), दोन भाग धुतलेली चाळलेली वाळू. पिशवीतली भुकटी त्याच दिवशी कालवून वापरू नये. चुना पाण्याखाली निदान पंधरा दिवस, जमल्यास महिनाभर मुरवावा. विझायचे राहिलेले खडे नंतर भिंतीत फुगतात आणि दर्जा फोडून बाहेर येतात. गूळ-हिरड्याचे पाणी घालायची रीत आहे, पण ते घालण्याआधी छोट्या जागेवर नमुना करून पाहावा. मसाला दाबून, थर देऊन भरावा आणि दगडाच्या तोंडापेक्षा दोन-तीन मिलिमीटर आत ठेवावा, म्हणजे पाणी कडेवर थांबत नाही.

यानंतर जे केले जात नाही ते म्हणजे ओले गोणपाट. चुना सिमेंटसारखा एका दिवसात आवळत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो हळूहळू पुन्हा दगड होतो, आणि त्यासाठी त्याला ओल लागते. भरलेल्या भागावर गोणपाट टांगून ते निदान दहा दिवस ओले ठेवावे. मार्चअखेरच्या घाईत, उन्हाच्या तडाख्यात हे काम उरकले की चुना आवळण्याआधी वाळतो आणि बोटाने भुकटी निघते. मग ‘चुना टिकत नाही’ असे म्हणून पुन्हा सिमेंट येते. सोलापुरात हे काम परतीचा पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरअखेर ते जानेवारी या काळातच धरावे. चाचणीही सोपी आहे. महिन्याभराने सांध्याचा छोटा तुकडा काढून त्यावर फिनॉल्फ्थॅलिन या रसायनाचा थेंब टाकावा. जेवढा भाग गुलाबी होईल तेवढा अजून कच्चा. बिल काढण्याआधी ही चाचणी घेतली तर कामाचा दर्जा कागदावर येईल.

सांध्यात पिंपळ, वड किंवा उंबर उगवला असेल तर उपटू नये आणि नुसता वरून छाटूही नये. उपटला तर मूळ दगड घेऊन येते. छाटला तर पुढच्या पावसाळ्यात तो दुप्पट जाड होऊन फुटतो. बुंधा बोटभर ठेवून कापावा, ताज्या कापावर आणि बुंध्यात तिरपे छिद्र पाडून त्यात तणनाशक प्रशिक्षित माणसाकडून भरून घ्यावे. मुळे पूर्ण वाळायला काही महिने द्यावेत. मग सुटतील तेवढी मुळे काढून पोकळी पातळ चुन्याने भरावी. गडबडीने वरून सांधा बुजवला तर आत कुजलेल्या मुळाची नळी उरते आणि पाणी थेट गाभ्यात जाते.

रंगाबद्दल थोडक्यात. दगडाला ऑइलपेंट नको, चकाकणारा वॉटरप्रूफ थर नको. दोन्ही ओल आत कोंडतात. चुन्याचा हात चालतो, तो श्वास घेऊ देतो. आधीचा ऑइलपेंट काढायला वाळूचा मारा किंवा अॅसिड वापरू नये. अॅसिड सांध्यातला चुना खाते. दीपमाळेच्या दगडी हातांवर तेल आणि काजळी बसलेली असते, तिलाही हाच नियम. यात्रेत विजेच्या माळा लावायला सांध्यात खिळे ठोकतात, ते थांबवावे. जुन्या दगडांना जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्या किंवा रेलिंगचे बोल्ट गंजले की गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा घेतो आणि दगड आतून फोडतो. नवे काही बसवायचेच तर ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील घ्यावे. रेलिंग जोत्यात न रोवता दोन मीटरच्या पट्ट्याबाहेर स्वतंत्र पायावर उभे करावे. दिव्यांचे खांबही बाहेर, सहा-आठ मीटरवर, आणि केबलचा चर पायाला लागून नको.

वीज हा विषय आपल्याकडे अपघात झाल्यावरच निघतो. माळावरचा स्तंभ हा त्या परिसरातला सर्वांत उंच बिंदू, आणि वळवाचा पाऊस येतो तो गडगडाटासहच. वॉशिंग्टनच्या स्तंभाला १८८४ च्या डिसेंबरात अॅल्युमिनियमचे टोक बसवले होते आणि तेच विजेचा मार्ग होईल असे धरले होते. जून १८८५ मध्ये वीज पडून शेंड्याजवळचा दगड तडकला. त्यानंतर टोकाभोवती तांब्याच्या सळ्यांचे कडे घालावे लागले. एकच टोक आणि एकच उतार पुरत नाही. शेंड्यावर विजेची सळई, आणि तिथून समोरासमोरच्या दोन बाजूंनी दोन पट्ट्या खाली आणाव्यात. तांब्याची पट्टी २५ गुणिले ३ मिलिमीटर घेतात. चोरीची भीती असेल तर गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पट्टी २५ गुणिले ६ चालते. दोन धातू एकमेकांना जोडू नयेत, सांधा गंजून तुटतो आणि बाहेरून कळत नाही. पट्टी सरळ उतरवावी, काटकोनी वळण देऊ नये. पकड सांध्यात बसवावी, दगडाला भोक पाडू नये. अर्थिंगचा खड्डा स्तंभापासून लांब असावा, आणि त्यात मीठ-कोळसा नको. ते मीठ पावसाबरोबर पायाकडे सरकते. ओल धरून ठेवणाऱ्या बेंटोनाइट मातीने काम होते. मुरमाड माळावर जमिनीचा रोध जास्त निघतो, एका खड्ड्याने भागत नाही. दोन-तीन खड्डे जोडून रोध दहा ओहमच्या आत आणावा आणि दरवर्षी एप्रिलमध्ये, वळवाआधी, मोजून नोंदवावा.

उरली बाग. माळ हिरवागार दिसला पाहिजे हा हट्ट का, हे आम्हाला कळत नाही. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात पाऊस झाल्यावर गवताचा माळ पाहावा. मारवेल, पवन्या आणि कुसळीचा तो सोनेरी-हिरवा रंग कुठल्याही लॉनला येणार नाही, आणि त्याला पाइप लागत नाही. स्तंभाभोवती तेच गवत राहू द्यावे, वणव्याच्या भीतीने जवळचा पट्टा तेवढा कापावा. झाडे लावायची तर बोर, बाभूळ, हिवर अशी लावावीत, आणि पूर्ण वाढल्यावर झाड जेवढे उंच होईल तेवढे अंतर स्तंभापासून ठेवावे. मोटारी वर नेऊ नयेत. ऑकलंडला मोठ्या उद्यानाशेजारच्या ज्वालामुखी टेकडीवर १९४० मध्ये पुरा झालेला स्मृतिस्तंभ आहे, तिथे २०१८ पासून माथ्यावर मोटारी बंद आहेत. लोक पायी चढतात. आपल्याकडचे भाविक तर तसेही चढतातच. वाहनतळ पायथ्याशी करावा.

हे सगळे करण्याआधी स्तंभाची आजची अवस्था लिहिलेली पाहिजे. लाकडी हातोडीने प्रत्येक दगड वाजवून पाहावा. ठणठणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर आत पोकळी किंवा सुटलेला पापुद्रा आहे, त्यावर खडूने खूण करून फोटो घ्यावा. चिरेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवून तारीख लिहावी. काच फुटली म्हणजे चीर जिवंत आहे, ती आधी समजून घ्यायची, बुजवायची नाही. कल मोजायला काटकोनातल्या दोन बाजूंनी टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारे सर्वेक्षणाचे यंत्र) लावावे. उंची कमी असेल तर साधा ओळंबाही पुरतो, फक्त वारा पडलेला असताना सोडावा आणि लोलक पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावा, म्हणजे हलत नाही. परांची स्तंभाला न बांधता स्वतंत्र उभी करावी, पायांखाली फळ्या द्याव्यात, दगडाला टेकेल तिथे गोणपाट गुंडाळावे. स्थळ संरक्षित असेल तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय यातले काहीच करू नये. केंद्राच्या यादीतल्या स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम बंद आहे आणि पुढच्या २०० मीटरवर निर्बंध आहेत. ज्या दीपमाळा कुठल्याच यादीत नाहीत त्यांना हे कवच नाही, आणि सुशोभीकरणाचा पहिला घाव त्यांच्यावरच बसतो.

आमची विनंती अशी की दगडी स्तंभाच्या परिसराची कोणतीही निविदा निघण्याआधी दोन पानांची स्थितिनोंद तिला जोडलेली असावी. त्यात कलाचे माप, चिरांच्या खुणा, जोत्याची मूळ पातळी, पाण्याच्या उताराचा नकाशा आणि अर्थिंगचा आकडा असावा. कलाचे माप एकदा घेऊन भागत नाही. काळी माती वैशाखात सर्वांत कोरडी असते आणि परतीच्या पावसानंतर सर्वांत ओली. एक माप मे महिन्यात वळवाआधी घ्यावे, दुसरे ऑक्टोबरअखेर, आणि असे सलग दोन वर्षे. चारही आकडे जवळपास सारखे आले तर पाया शांत आहे, दर्जाचे काम सुरू करायला हरकत नाही. मे आणि ऑक्टोबरच्या आकड्यांत फरक पडत असेल, तर आधी पाण्याचा बंदोबस्त करावा आणि चुन्याला हात लावण्याआधी आणखी एक पावसाळा जाऊ द्यावा.

आपले,
दगडी बांधकाम, चुनाकाम आणि पाया या कामांतील काही कारागीर व अभियंते,
सोलापूर